दोरीचं ओलं टोक

मी ऑफिसच्या कामाने रियाधला निघाले तेव्हा अब्बांनी एकच काम सांगितलं. खजूर नकोत, अत्तर नको, अम्मीने बजावलेलं केशरही नको. हर्णैच्या अंगणात, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले, सहज आठवल्यासारखं करून म्हणाले, "बाय, वेळ गावला तर तेवडं दुकान हाय का बगून ये."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर नसलं. आता कापीचं हाटेल झालं असंल तिकडं. सगळा मुलूख कापी पितोय म्हणे." मग माडाकडे बघत, "आपलं काय गो. पाण्यावरची रेघ."

ही रेघ आमच्या घरात जुनी आहे. इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या राहण्याच्या परवान्यावर, फायनल एक्झिटचा शिक्का बसला आणि आम्ही तिघं मुंबईच्या विमानात बसलो, तेव्हा अब्बांनी ती पहिल्यांदा काढली. खिडकीतून खाली वाळू दिसत होती. अख्खी जवानी त्या वाळूत गेली होती आणि वरून बघताना कुठे पावलाचा ठसाही दिसत नव्हता. "पाण्यावरची रेघ," अब्बा म्हणाले. अम्मीने त्यांच्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाली, "रेघ र्‍हाऊंदे, पट्टा बांदा." तेव्हापासून गावात कुणी परदेशातून परतला, कुणाची नोकरी गेली, नुसती भरती ओसरली तरी अब्बा ती रेघ काढतात. अम्मी आता उत्तरही देत नाही.

तर मी काम संपवून बथाच्या जुन्या बाजारात शिरले. रस्ते ओळखीचे आणि अनोळखी, दोन्ही. तमीस रोटीच्या भट्टीतला भाजलेल्या पिठाचा वास तसाच होता. अत्तरवाल्याच्या दारातला ऊदचा धूर तसाच होता. चालता चालता अजान झाली, आणि मी सवयीने कान टवकारून थांबले. काहीच झालं नाही. दुकानं उघडीच राहिली, गिऱ्हाइकं घासाघीस करत राहिली. मला आधी कळेना की काय चुकतंय. मग कळलं, शटरं पडली नाहीत.

त्या काळी अजान झाली की आमच्या गल्लीत शटरं पडायची. आधी कोपऱ्यावरचा घड्याळवाला, मग चादरीवाला, मग अब्बांचं दुकान, मग पुढची सगळी रांग. खडखडखड, धाड. खडखडखड, धाड. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीत बसून मी डोळे मिटून सांगायचे, हे अब्बांचं. त्यांच्या शटरला शेवटी एक बारीक कुरकुर होती, तेल घातलं तरी न जाणारी. मग गल्लीत जी शांतता व्हायची तशी शांतता मी नंतर कुठेही ऐकली नाही. एसीतून ठिबकणारं पाणी ऐकू यायचं. मांजरं पुठ्ठ्यांवरून चालली तर ती ऐकू यायची. नमाज आटपून पुरुष परत यायचे, पण शटरं वर जायला अजून थोडा अवकाश असायचा, आणि तेवढ्या वेळात मोठी माणसं बंद दुकानांसमोर उगीचच उभी असायची, शाळेच्या मधल्या सुट्टीत असतात तशी. माझ्या लहानपणातली सगळी मजा त्या मधल्या सुट्टीत घडलेली आहे.

दुकान खेळण्यांचं होतं. मालक, म्हणजे आमचा कफील, भला माणूस होता. महिन्यातून एकदा यायचा, एखादी बाहुली उचलून तिचा हात वर-खाली करायचा, "माशाल्ला लतीफ" म्हणायचा आणि जायचा. बाकी सगळं लतीफ, म्हणजे अब्बा. दर वर्षी ईदच्या आधी चीनहून खेळण्यांचा एक जाडजूड कॅटलॉग यायचा. त्याच्या गुळगुळीत पानांना शाईचा आणि रॉकेलसारखा काहीतरी वास असायचा. जेवणाची थाळी बाजूला सारून अब्बा तो चटईवर पसरायचे आणि पुढच्या ईदला रियाधची पोरं काय खेळणार हे ठरवायचे. मला तर वाटायचं, हे राजाचंच काम आहे.

अशाच एका वर्षी एका पानावर त्यांचं बोट थांबलं. चित्रात दोन लाल वाट्या पाठीला पाठ लावून, मध्ये बारीक कंबर, आणि शेजारी एक दोरी.

"भोवरा," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम दहा वर्षांच्या पोराचा झाला. "दोन तोंडाचा भोवरा."

आता हे सांगायला हवं की अब्बा हर्णैचे भोवराबहाद्दर. खैराच्या लाकडाचा भोवरा, त्याला खाली लोखंडी आर, त्याच्याभोवती जाळी, म्हणजे दोरी, करकचून गुंडाळायची. गुंडाळण्याआधी दोरीचं टोक जिभेवर ओलं करायचं, म्हणजे पहिला वेढा घट्ट बसतो. मग टोक कपाळाला लावायचं, बिस्मिल्ला म्हणायचं आणि फेकायचा. भोवरा जमिनीवर पडायच्या आत हवेतच तळहातावर झेलणारी त्यांची हातजाळी बघायला बंदरावरचे खलाशी थांबायचे, असं अब्बा सांगतात. अम्मीही त्याच गावची. ती म्हणते, खलाशी तंबाखू मळायला थांबायचे.

पण अब्बांच्या मनात भोवरा बसला तो बसला. कफील आला तेव्हा त्याला पान दाखवून म्हणाले, हा माल मागवा, भरपूर मागवा, इथल्या पोरांनी असलं काही बघितलेलं नाही. कफीलने विचारलं, खपेल? अब्बांनी छातीवर हात ठेवला. "माझी जबान."

माल आला तो अल सुलैच्या गोदामात. शुक्रवारी जुम्म्यानंतर अब्बा आम्हाला पिकअपमध्ये घालून तिकडे घेऊन गेले. अम्मीने बिर्याणीचं पातेलं फडक्यात बांधून घेतलं होतं. ज्यांच्या घरचा माणूस गोदामात जातो त्यांची सहल गोदामातच होते. बाहेर धूळ, उभे ट्रक, पत्र्यांवर तापलेलं ऊन. आत मात्र गार अंधार आणि पुठ्ठ्याचा, डिंकाचा, नव्या प्लास्टिकचा तो वास. आजही नवीन बुटांचं खोकं उघडलं की मला अल सुलै आठवतं आणि भूक लागते.

अब्बांनी पहिला खोका चाकूने कापला आणि आतून ते काढलं. प्लास्टिकचं नव्हतं. बांबूचं आणि लाकडाचं, वर लाल रोगण, इतकं हलकं की हातात धरलं तर रिकाम्या डब्यासारखं वाटावं. दोन चपट्या गोल डब्या, पेढ्याच्या डबीएवढ्या, मध्ये चिमटीत मावेल अशी कंबर. डब्यांच्या कडेला तिरप्या फटी कापलेल्या. सोबत दोन काठ्या आणि त्यांना दोन्ही टोकांनी बांधलेली एक दोरी. अब्बांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, फटीत डोळा लावून आत बघितलं. मग खोक्यात हात घालून तळ चाचपला.

"काय शोधता?" अम्मी म्हणाली.

"आर. आर घालायला इसरले वाटतं चिनी लोक."

पुढचा खोका, त्याच्या पुढचा. कुणालाच आर नव्हती. शेवटी अब्बांनी काठ्या सोडवून फेकल्या, दोरीचं टोक जिभेवर फिरवलं, कपाळाला लावलं, त्या बारीक कंबरेला दोरी गुंडाळली, बिस्मिल्ला म्हणून जोरात फेकला. चिनी भोवरा हवेत छान गेला. खाली पडला तो आडवा, आणि चाकासारखा गडगडत गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, खोक्यांच्या चळतीखाली जाऊन बसला. अब्बा त्याच्या मागे आडवे झाले. आम्ही बिर्याणी खाल्ली.

ईद आली. अब्बांनी दुकानाच्या दारात उभं राहून रोज फेकून दाखवलं. एकदा बाहुल्यांची अख्खी फळी खाली आली. पोरं पोट धरून हसायची आणि पाण्याच्या पिचकाऱ्या विकत घेऊन जायची. एकाही पोराने ते लाल खेळणं मागितलं नाही. ईद गेली आणि अल सुलैच्या गोदामात अब्बांची जबान धूळ खात पडली.

त्याच दिवसांत सौदायझेशनचं वारं आमच्या गल्लीतही शिरलं. आधी मोबाइलची दुकानं, मग ही, मग ती. काउंटरवर सौदी माणूस पाहिजे. गल्लीतला एकेक ओळखीचा चेहरा कमी व्हायला लागला. जाणाऱ्याने मागे राहणाऱ्यांना घरातलं सामान वाटून टाकायचं, अशी तिथली रीत. आमच्या घरात एकाची इस्त्री, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याची मनीप्लांटची बरणी गोळा होत गेली. अम्मी म्हणायची, घर भरतंय तशी गल्ली रिकामी होतेय. मग एक दिवस कफील आला, या वेळी त्याने बाहुलीला हात लावला नाही. त्याच्याबरोबर अबू नासिर होता.

अबू नासिर फौजेतून निवृत्त झालेला. उंच, रुंद, मिशा पीळदार, अंगातला पायघोळ थोब कडक इस्त्रीचा, हातात गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास. अब्बांनी त्याला दुकान शिकवायचं आणि मग जायचं. कफीलने खाली बघत सांगितलं की कायद्यापुढे त्याचं काही चालत नाही, पुढचा हंगाम होईपर्यंत तो अब्बांना कसंबसं ठेवून घेईल. अब्बांनी त्याला उलट धीर दिला. घरी येऊन मात्र जेवले नाहीत.

"जायचं तर जाऊ," अम्मी म्हणाली, "आपलं घर हाय, माड हायत."

"जायचं तर जानारच गो. पण माजी जबान अशी गोदामात टाकून नाय जानार. तेवडे खोके बाहेर काडतो, मग खुशाल शिक्का मारूं दे."

मी तेव्हा नववीत होते आणि जगातलं सगळं मला माहीत होतं. आमच्या इंडियन स्कूलमध्ये प्रदर्शन होतं, कुठल्याही खेळण्यामागचं विज्ञान मांडायचं होतं. मी ते लाल खेळणं निवडलं, आणि इंटरनेटवर वाचून अब्बांपुढे मोठ्याने वाचायला बसले. याचं नाव खोंगचू, म्हणजे पोकळ बांबू. इतकं जुनं की नक्की कधी सुरू झालं यावर कुणाचं एकमत नाही. चीनच्या उत्तरेकडे नव्या वर्षाच्या जत्रांत थंडीने लाल झालेल्या नाकांची पोरंही हे फिरवतात आणि म्हातारीकोतारीही. कडेच्या फटींतून वारा आत शिरतो आणि पोकळी बोलायला लागते. मोठी फट असेल तर घोगरा आवाज, लहान असेल तर बारीक. कंबर बारीक, कारण तिथे दोरी बसते. पुढे व्यापाऱ्यांबरोबर ते पश्चिमेला गेलं, तिकडच्यांनी ते रबराचं केलं, आणि त्याचा आवाज गेला.

"आणि काही लोकांचं म्हणणं आहे," मी वाचलं, "की आधी जमिनीवरचा भोवरा होता, तोच कुणीतरी उचलून दोरीवर घेतला."

अब्बा ताठ बसले. "म्हंजे भोवराच की!"

"अब्बा, भोवरा नाही. याला दोरी गुंडाळतच नाहीत. दोरी नुसती कंबरेखाली. दोन काठ्या हातात धरायच्या आणि दोरी हलवायची."

"दोरी न गुंडाळता भोवरा फिरनार? मग उद्या म्हनशील लगीन न करता सासरा होता येतं."

तरीही संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. रियाधच्या गच्च्या म्हणजे पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि वाळत घातलेले अबाये. उन्हाळ्याचा शेवट होता, भिंती अजून गरम होत्या, पण वारा जरा माणसात आला होता. मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत होते आणि अब्बा दोन काठ्या धरून दोरी अशी झटकत होते की अंगावर मुंग्या चढल्यासारखं वाटावं. खेळणं क्षणभर दोरीवर बसायचं, कलंडायचं आणि पडायचं. फिरवण्याआधी अब्बा दर वेळी दोरीचं टोक जिभेला लावायचे. त्या टोकाला आता काठी बांधलेली होती, म्हणून काठीसकट तोंडात घालायचे.

अम्मी कपडे काढत होती. चिमटे तोंडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग चिमटे काढून म्हणाली, "अवो, ही तर रवी हाय."

"कसली रवी?"

"ताक घुसळायची. माज्या आयशीकडं होती ना, खांबाला लावलेली. दोरीचा येक शेव ह्या हातात, येक त्या हातात. आणा इकडं."

तिने काठ्या घेतल्या. खेळणं जमिनीवर ठेवलं, दोरीवर चढवलं आणि ताक घुसळायला लागली. उजवा ओढ, डावा ओढ. खेळणं दोरीवर बसलं, पडलं नाही, हे खरं. पण जितकं पुढे फिरायचं तितकंच मागे फिरायचं, ताकातल्या रवीसारखंच. अब्बा खूश झाले. "लोनी आलं की हाक मार."

अम्मी हरणारी नव्हती. पण तिच्या डाव्या मनगटाला जुनी दुखापत होती. न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासूनची, जोर लावला की कळ यायची. थोडा वेळ घुसळल्यावर तो हात दुखायला लागला आणि तिने तो ढिला सोडला. उजवा ओढत राहिला, डावा नुसता मागे मागे गेला. उजवा ओढला, डावा गेला. आणि त्या लाल डब्या बोलायला लागल्या.

आधी नुसतं घुमणं, खोलीत भुंगा शिरल्यासारखं. मग मोठं. मग गच्चीभर. भोंऽऽऽ असा तो आवाज टाक्यांवर आपटून परत यायला लागला. समोरच्या गच्चीवरची कबुतरं उठली. शेजारची मल्याळी नर्स केस विंचरता विंचरता जिन्यात आली. अम्मी मधोमध उभी, दुपट्टा खांद्यावरून घसरलेला, तोंड उघडं, आणि थांबायचं कसं हे माहीत नसल्यामुळे ओढतच राहिलेली. मी माझ्या आईला त्याआधी कधी खेळताना बघितलं नव्हतं.

"काय केलंस? काय केलंस?" अब्बा तिच्याभोवती फिरत विचारत होते.

"काय नाय. डावा दुकतो म्हनून ढिला सोडला. येकाने ओडायचं, दुसऱ्याने ऐकायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या दोगांत हेच चाललंय, फक्त ऐकनारा हात चुकीचा."

पुढचे काही आठवडे आमच्या घरात एकच शब्द होता. ढिला. अब्बा चहा ओतताना, अम्मी पोळी उलटताना, मी दप्तर भरताना, कुणी ना कुणी ओरडायचं, "डावा ढिला!" अब्बांच्या हाताला एकदा ते गमक सापडलं आणि मग ते हवेत फेकायला लागले, झेलायला लागले, पायाखालून काढायला लागले. पण फिरवण्याआधी टोक जिभेला आणि मग कपाळाला लावणं काही सुटलं नाही.

मी किती वेळा सांगितलं. "अब्बा, ते भोवऱ्याचं. इथे गुंडाळायचंच नाही तर ओलं कशाला करायचं? उलट दोरी घसरते."

"फायदा-तोटा तू बग. माजा हात त्याच्याबिगर उठत नाय."

मग ती मधली सुट्टी आली. असरची, दुपार कलतानाची, नमाज झाली होती, शटरं अजून खालीच होती, हिवाळ्याची सुरुवात होती आणि गल्लीत कोवळं ऊन तिरपं पडलं होतं. मी खिडकीत होते. अब्बांनी दुकानासमोर उभं राहून टोक ओलं केलं, कपाळाला लावलं आणि सुरुवात केली. बंद गल्लीत तो आवाज असा घुमला की घड्याळवाला दारातून मागे वळला. चादरीवाला, तमीसच्या भट्टीवरचा अफगाणी, सगळे गोळा झाले. अब्बांनी ते उंच फेकलं, आमच्या खिडकीपर्यंत आलं, माझ्या नाकासमोर क्षणभर थांबून घुमलं आणि खाली जाऊन बरोबर दोरीवर बसलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

अबू नासिर आपल्या खुर्चीत गहवा पीत होता. तोवर तो अब्बांना "या सदीक", म्हणजे मित्रा, म्हणायचा, तिथे कुणाही हिंदुस्तानी माणसाला म्हणतात तसं. तो उठला, पेला ठेवला, डोक्यावरच्या रुमालाची, गुत्र्याची, दोन्ही टोकं वर टाकली आणि हात पुढे केला. "या उस्ताद," म्हणाला, "शिकव."

फौजी माणूस. तो खेळ शिकला नाही, कवायत शिकला. अब्बांनी काय केलं ते त्याने क्रमाने पाठ केलं. एक, दोरीचं टोक जिभेला. दोन, कपाळाला. तीन, बिस्मिल्ला. चार, जमिनीवरून गडगडत आणून उचल. पाच, डावा ढिला. हा शेवटचा शब्द तर तो आमच्याच भाषेत म्हणायचा, हुकूम दिल्यासारखा, "ढिला!" अब्बांनी त्याला प्रामाणिकपणे सांगून बघितलं की ते चाटणं जरुरीचं नाही, ती माझी आपली खोड. अबू नासिरने मान हलवली. उस्ताद करतो ते सगळं जरुरीचं असतं, त्यातलं निवडणारे आपण कोण? वरून मी हसून हसून पडदा ओढला.

पुढची ईद. तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. दुकानाच्या दारात दोघं उभे, एक शर्टपँटमध्ये, एक थोबमध्ये, दोघांच्या दोऱ्यांवर दोन लाल खोंगचू, एक घोगरा, एक बारीक. समोर पोरांची रांग, त्यांच्या मागे बाप, मागे काळ्या अबायांतल्या आया, मोबाइल वर धरून. अल सुलैहून पिकअप भरभरून खोके येत होते. संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून गेलं तरी कुठून ना कुठून भोंऽऽऽ ऐकू यायचं. शेवटचा खोका रिकामा झाला तेव्हा अब्बांनी तो पुठ्ठा घडी घालून घरी आणला आणि अम्मीसमोर ठेवला. त्या रात्री भरपेट जेवले.

कायदा कायदाच होता. हंगाम संपला, शिक्का बसला, आम्ही इस्त्री, पंखा आणि मनीप्लांट पुढच्यांना वाटून टाकले. निघायच्या दिवशी अबू नासिरने अब्बांना धरून खांद्यावर तोंड ठेवलं आणि बराच वेळ सोडलं नाही. अब्बांनी आपलं खेळणं काउंटरमागच्या खिळ्याला टांगून ठेवलं. बरोबर आणलं नाही. तिथलं तिथे बरं, म्हणाले.

हर्णैला आल्यावर अब्बांनी पोफळी लावल्या, विहिरीला पंप बसवला, मशिदीच्या कमिटीत भांडले, म्हणजे नीट रुळले. मी एकदा पुण्याहून त्यांच्यासाठी दुकानात मिळाला तो रबरी खोंगचू आणला. अब्बांनी सवयीने टोक ओलं केलं, कपाळाला लावलं, फिरवला. फिरला अगदी सुरेख. अब्बा मान तिरकी करून ऐकत राहिले. मग दोरी खाली केली.

"मुका हाय गो," म्हणाले, आणि कोनाड्यात ठेवून दिला.

तर आता मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. घड्याळवाल्याच्या जागी कॉफीचं दुकान, काचेचं, आत झाडं. पुढे परफ्यूम. त्याच्यापुढे, जिथे अब्बांचं दुकान, तिथेही पांढऱ्या रंगाचं शटर आणि नवी पाटी. मोबाइलची कव्हरं. मी फोटो काढायला हात वर केला आणि मनात वाक्य जुळवायला लागले, अब्बांना सांगायचं कसं. खरं सांगते, रडायला आलं. एका दुकानासाठी, ज्यात आमच्या मालकीची एक खुर्चीसुद्धा नव्हती.

आणि मागच्या बोळातून आवाज आला. भोंऽऽऽ.

मी धावलेच. बोळाच्या टोकाला जुन्या इमारतींमध्ये एक लहानसं मोकळं अंगण आहे. तिथे सावलीत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत एक म्हातारा, मिशा पांढऱ्या पण अजून पिळलेल्या, पायाशी थर्मास. समोर पाच-सहा पोरं. मधोमध एक आठेक वर्षांची मुलगी, हातात दोन काठ्या, आणि दोरीवर ते लाल, रोगण उडालेलं. अब्बांचं, खिळ्यावरचं.

आवाज थांबला, खेळणं खाली पडलं. मुलीने ते उचललं. मग दोरीचं टोक जिभेवर फिरवलं. कपाळाला लावलं. ओठ हलले. गडगडत आणलं, उचललं, आणि म्हाताऱ्याने खुर्चीतून हुकूम सोडला, "ढिला!"

बाकीची पोरं आपापल्या काठ्या घेऊन पाळीची वाट बघत होती. एकेकाने टोक आधीच तोंडात धरून ठेवलं होतं.

मी माझ्या गंजलेल्या अरबीत त्या मुलीला विचारलं, "दोरी जिभेला का लावतेस?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. लावावीच लागते, म्हणाली. त्याशिवाय चालत नाही. हे चीनचं खेळणं आहे, खूप जुनं, आणि चीनमध्ये सगळे आधी असंच करतात.

"कुणी सांगितलं?"

"जद्दीने," तिने आजोबांकडे बोट दाखवलं. जद्दीने गंभीरपणे मान डोलावली. त्याला हे एका उस्तादाने शिकवलं होतं, आणि उस्तादाला सगळं मूळचं माहीत होतं.

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. चीन नाही, हर्णै. खोंगचू नाही, खैराचा भोवरा. नववीतल्या त्या हुशार मुलीने तोंड उघडलंसुद्धा. मग मी ते मिटलं. चीन तर चीन.

"मी लतीफची मुलगी," एवढंच म्हणाले. "खिडकीतली."

अबू नासिर कुणाचाही आधार न घेता उठला. उस्तादाची बेटी, उस्तादाची बेटी, असं बोळभर सांगत सुटला. पोरांपैकी कुणीतरी पळत जाऊन खजूर घेऊन आलं. मी फोन काढला.

हर्णैला संध्याकाळ उतरली होती. स्क्रीनवर आधी माड दिसला, मग अब्बांचं कपाळ, मग अम्मीने फोन सरळ केला. "दुकान नाय ना?" अब्बांनी आधीच विचारलं. "मी बोललोच होतो. कापी?"

"बघा तुम्हीच," मी म्हणाले आणि फोन फिरवला.

मुलीने, रीम तिचं नाव, पाहुण्यांसाठी म्हणून मुद्दाम सावकाश सगळं केलं. टोक जिभेला. टोक कपाळाला. बिस्मिल्ला. आणि मग ते जुनं खेळणं अंगणभर घुमायला लागलं. मी फोन तसाच धरून ठेवला. मग अम्मीचा आवाज आला.

"बगा वो," ती म्हणाली, "तुमची थुंकी तिकडं अजून सुकलेली नाय."

अब्बा खाकरले. चष्मा काढला, लुंगीला पुसला, परत लावला. चष्मा पुसूनही डोळे ओलेच दिसत होते.

"उगी बडबडू नको," ते अम्मीला म्हणाले. मग फोनच्या अगदी जवळ येऊन, जुन्या काउंटरवरच्या आवाजात, "बाय, त्या पोरीला सांग, येवडं चाटायचं नाय. टोक नुसतं भिजलं पायजे. जरासंच."

मी वळून रीमला तिच्या भाषेत ते सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं, खेळणं खाली ठेवलं, आणि दोरीचं टोक अगदी जरासं जिभेला लावलं.